बादली उपडी ठेवा

घर बाळासाठी सुरक्षित करताना प्लगला झाकणं, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावलंत, छानच केलंत. पण रांगत्या बाळाच्या बाबतीत मला सगळ्यात धास्ती वाटते ती मोरीतल्या भरलेल्या बादलीची. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बाळ काठावरून आत वाकलं की तोल जातो, परत वर येता येत नाही. दोन-तीन इंच पाणीही पुरतं, आणि आवाजसुद्धा येत नाही.

माझी लेक दहा महिन्यांची असताना तरंगणारा मग पकडायला ओणवी झाली होती, टाचा जमिनीवरून सुटलेल्या. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. त्याच दिवशी मोरीच्या दाराला बाहेरून, उंचावर कडी बसवली. पाणी साठवावं लागत असेल तर पिंपाला घट्ट झाकण हवंच.

आणि हो, अख्खे शेंगदाणे-फुटाणे पाच वर्षांपर्यंत नकोत, कूट करून द्या.