चराईबंदीने माळरानाची माती सुधारते का?

खडकमुरूम:
अहिल्यानगर-सोलापूर पट्ट्यात वर्षाकाठी जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि माळावर मुरमावरची माती बहुतेक ठिकाणी वीतभरही खोल नसते. आमच्या गावच्या गायरानात मेंढरांच्या वाटेवर आणि कुंपणाआड राखलेल्या तुकड्यात मी एकेक तांब्या पाणी ओतून पाहिले. राखलेल्या जागी ते गवताच्या बुडख्यांत बघता बघता मुरले, तर वाटेवर मातीची पापडी धरल्यामुळे उताराने वाहून गेले. खुरांनी जमीन दडपली जाते, पालापाचोळा उरत नाही, सेंद्रिय कर्ब घटतो आणि पहिल्याच वळवाला माती ओढ्याला लागते. हिवरे बाजारने चराईबंदी पाळून डोंगर हिरवा केला. मग इतर गावांनी मागे का राहावे?

वाडेकरी:
हिवरे बाजारचे श्रेय एकट्या चराईबंदीला देणे मला पटत नाही. तेथे कुऱ्हाडबंदी होती, उतारावर पाणी अडवणारे समतल चर खोदले होते, बोअरवेलवर निर्बंध होते आणि राखलेले गवत कापून नेण्याची मुभा होती. शिवाय ज्या मेंढरांवर आपण ठपका ठेवता, तीच शेतात बसवून घेण्यासाठी शेतकरी आमच्या वाड्याला, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळाला, धान्य किंवा पैसे देतात, कारण लेंडी आणि मुताने रान खतावते. शेतात माती सुधारणारे जनावर माळावर आले की माती बिघडवते, हे कसे? माळाचा निम्मा भाग नांगराखाली, प्लॉटिंगखाली आणि गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांच्या लागवडीखाली गेला, तर उरलेल्या तुकड्यावर तितकीच खुरे पडणार.

खडकमुरूम:
खतावणीबद्दल वाद नाही, पण शेतात कळप दोन-चार रात्री बसतो आणि पुढे निघतो. माळाचे तसे नाही. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरलेले वाडे पावसाळ्याच्या तोंडाशी परततात, म्हणजे गवताला नुकती फूट येते आणि ओली जमीन सर्वांत लवकर दडपते, नेमके तेव्हाच. पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची गवते बी धरण्याआधीच खुडली जातात. काही वर्षांत तेथे कुसळी गवत आणि जनावर तोंड न लावणारे तरवडाचे झुडूप तेवढे उरते, मधली जमीन उघडी पडते.

वाडेकरी:
हे मात्र मान्य करावे लागेल. आमचे म्हातारेही मृगानंतर काही दिवस माळ मोकळा ठेवत, तेव्हा दुसरीकडे जायला जागा होती. म्हणूनच सरसकट बंदीऐवजी गायरानाचे तीन-चार भाग पाडून एकेक भाग बी पडेपर्यंत राखावा, असे मी म्हणतो. कायम बंद केलेल्या माळावर जुन्या गवताची गंजी साचते आणि एका ठिणगीने सगळा माळ पेटतो, हेही आम्ही पाहिले आहे.

खडकमुरूम:
भाग पाडायला हरकत नाही, मात्र जिथे मुरूम उघडा पडला आहे तो भाग निदान तीन पावसाळे बंदच हवा. आणि राखणदाराचा पगार कोण देणार, हे ग्रामसभेत आधी ठरवा. आमच्याकडे कुंपण दोन महिन्यांत तुटले, ते तुमच्या मेंढरांनी नव्हे, गावातल्याच शेळ्यांनी.