बाइक वाहायला दीड लाखाची व्हॅन की जुना छोटा हत्ती?

अशोकचौक_गॅरेज
काल 'जुळे_रायडर'नं इथं लिहिलंय: "आम्ही दोघं मित्र खेड्यातून जुन्या बाइक आणून, दुरुस्त करून विकतो. वाहायला दीड लाखात ओम्नी नाहीतर ईको घ्या, मागची सीट काढा, झालं काम. पिवळ्या प्लेटची, म्हणजे व्यावसायिक नोंदणीची, कटकट कशाला? टेम्पो, पिकअप म्हणजे पैशाची उधळपट्टी." खाली पोरांनी धडाधड अंगठे दिलेत. यातली दोन-चार पोरं उद्या खरंच व्हॅन घेऊन माझ्या दारात उभी राहतील, म्हणून जेवण बाजूला ठेवून लिहितोय.

आधी टेप घ्या. आताच्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची लांबी २१४५ मिमी, म्हणजे सात फुटांवर थोडी. वजन १९५ किलो. स्प्लेंडर दोन मीटर आणि ११२ किलो. ओम्नी बंपर ते बंपर ३३७० मिमी, त्यात इंजिनवरच्या पुढच्या दोन सीटा. मागं उरतं किती? बुलेट घालायची तर पुढचं चाक काढा, आरसे काढा, आणि वर उघडलेल्या दाराखाली वाकून दोघांनी ती आत ढकला. उतरवताना पुन्हा तेच. महिन्यात एकदा ठीक आहे. धंदा म्हणून आठवड्यात तीनदा करून बघा, कंबर सांगेल.

छोट्या हत्तीचा, म्हणजे टाटा एसचा, हौदा २२०० बाय १४९० मिमी, भार साडेसातशे किलोच्या आसपास. तीन क्लासिक म्हणजे ५८५ किलो. एकीचं तोंड केबिनकडं, दुसरीचं मागं असं उलटसुलट लावलं की हँडलं एकमेकांना अडत नाहीत आणि फाळकाही बसतो. हलक्या गाड्या तीन, जड असल्या तर दोनच. जुनी गाडी बघताना तिनं आयुष्यभर काय वाहिलं ते विचारा. मार्केट यार्डात कांदा ओढलेल्या गाडीचे पाटे बसलेले असतात आणि चासीला कुठंतरी वेल्डिंग असतं. दूध वाहिलेल्या गाडीचा हौदा खालून कुजलेला असतो. सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेल-चादरीचे गठ्ठे वाहिलेली मिळाली तर सोडू नका, भार हलका आणि फिरणं गावातल्या गावात.

जुळे_रायडर
काका, तुमचा अनुभव मान्य. पण आम्ही बुलेटवाले नाही. स्प्लेंडर, प्लॅटिना, जुनी यामाहा आरएक्स, असल्याच गाड्या आणतो, त्याही एका वेळी एकच. आणायचा पट्टा मोहोळ, बार्शी, अक्कलकोट एवढाच. आणि पुण्याला न्यायची झाली तर उघड्या हौद्यात बाइक ठेवून रात्री पुण्यात कुठं उभी करायची? मागच्या पावसाळ्यात भाड्याच्या टेम्पोतून आणलेल्या गाडीचं कार्ब्युरेटर पाण्यानं भरलं होतं. सीट फाटली ती वेगळीच. व्हॅनला कुलूप लागतं. हा मुद्दा तुम्ही उचललाच नाही.

तेरा_नंबरी
कुलपाचं बोलतोयस तर कागदाचंही बोल की. पांढऱ्या प्लेटची गाडी आणि तुझा धंदा. खासगी गाडीच्या विम्यात वापराची मर्यादा लिहिलेली असते: भाड्यानं द्यायची नाही, आणि नमुने किंवा स्वतःचं सामान सोडून माल वाहायचा नाही. विकायला आणलेली बाइक स्वतःचं सामान होत नाही. माझ्या मेहुण्यानं असंच केलं. टेंभुर्णीजवळ मागून ट्रकनं ठोकलं. सर्व्हेअरनं मागची सीट काढलेली बघितली, आत बाइक बघितली, फोटो काढले आणि दावा अडकला. दीड वर्ष फेऱ्या मारल्या. कंपनीचं नाव घेत नाही, पण चूक कंपनीची नव्हतीच, कागदावर छापलेलं होतं, यानंच वाचलं नव्हतं. सीट काढणं हाही नोंदणीतला बदलच धरतात.

जुळे_रायडर
आणि पिवळी घेतली की दरवर्षी फिटनेस, पर्यावरण कर, परमिट, वर ड्रायव्हरला व्यावसायिक लायसन्सचा बॅज. आम्ही दोघं बाइक नीट करायच्या की कार्यालयाच्या फेऱ्या मारायच्या?

तेरा_नंबरी
अर्धं चुकीचं सांगतोयस. एकूण वजन ३००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, छोटा हत्ती त्यात आरामात बसतो. मोठ्या पिकअप मात्र वर जातात, तिथं बघून घ्यायचं. बॅजचं म्हणशील तर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलंय, साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर चालते. फिटनेस पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. पर्यावरण कर आठ वर्षांनंतर, हे खरंय. एवढं सोसावं लागतं.

जुळे_रायडर
बरं, परमिट आणि बॅजचं मी चुकीचं लिहिलं. जुन्या गाडीच्या दरवर्षीच्या फिटनेसचं बरोबर लिहिलं होतं, तेही नोंदवा.

शांतीचौक
एवढं भांडताय, पण बाइक बांधणार कशी ते कुणी बोललं का? गाडी कुठली का असेना, निम्म्या बाइक बांधताना मरतात. आमच्याकडं सरळ पद्धत: मेन स्टँडवर उभी, चारी बाजूंनी सुंभ, हँडलला एक गाठ. वीस वर्षं यंत्रमागाच्या सामानाबरोबर बाइकाही पाठवतोय.

अशोकचौक_गॅरेज
अहो मालक, मेन स्टँडवर? अशा वाकलेल्या स्टँडांचा ढीग आहे माझ्याकडं. गाडी स्टँडवर असली की मागचं चाक अधांतरी, शॉकॲब्सॉर्बर कामच करत नाही. प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट स्टँडच्या कानात आणि चासीच्या वेल्डिंगमध्ये. स्टँड वर घ्यायचा. पुढचं चाक केबिनच्या भिंतीला, खाली लाकडी गुटका. पट्टे हँडलला नाही, खालच्या टी-ला (हँडलखाली दोन्ही शॉक धरणाऱ्या जोडाला), दोन्ही बाजूंना तिरके, पुढचे शॉक थोडे दबेपर्यंत ओढायचे. मागच्या चाकाला वेगळा पट्टा. गाडी गिअरमध्ये, पेट्रोलचा कॉक बंद.

शांतीचौक
शॉक दाबून बांधले की ऑइल सील फुटतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय. हैदराबादला पाठवलेल्या दोन गाड्यांचे पुढचे शॉक उतरवताना गळत होते.

अशोकचौक_गॅरेज
पार तळाला दाबले असणार. निम्म्यापेक्षा जास्त दाबायचेच नाहीत. शंका वाटली तर टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा घाला, म्हणजे त्याच्या पुढं दबत नाहीत. तुमच्या सुंभाला मात्र माझा ठाम विरोध. आपल्याकडं मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश, दोरी सैल पडते आणि सावळेश्वर टोल येईपर्यंत बाइक डुलायला लागते. रॅचेटचे पट्टे घ्या.

शांतीचौक
तुम्ही गॅरेजात बसून सांगताय, आम्ही रस्त्यावर आहोत. रॅचेट जास्त ओढून पोरांनी हँडल वाकवलेलंही मी बघितलंय. दोरीला हात लावला की ताण कळतो.

बुलेट_९८
अहो बस करा. हँडल वाकलं, कारण रॅचेट हँडलला लावलं. ते वर आधीच म्हणालेत खालच्या टी-ला लावा. वाचत नाही आणि वीस वर्षं वीस वर्षं करताय.

शांतीचौक
तू कोण बे मला शिकवणारा? तुझी बुलेट कुणाच्या टेम्पोतून आली होती गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी?

बुलेट_९८
तुमच्याच. आणि टाकीला पोचा पडला होता, तुम्ही आहात म्हणून बोललो नव्हतो. आता बोलतो. दोन गाड्यांच्या मध्ये काहीही घातलं नव्हतं. शेजारच्या गाडीचं हँडल पंढरपूरपासून इथपर्यंत माझ्या टाकीवर घासत आलं. एक जुनी चादर गुंडाळली असती तरी वाचली असती. सोलापुरात चादर मिळत नाही का? ती टाकी माझ्या वडिलांच्या हातची रंगवलेली होती. ते आता नाहीत.

शांतीचौक
हे मला त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतंस. मी उतरवताना नव्हतो, पोरं होती. टाकी घेऊन ये, रंगाचा खर्च मी देतो. वडिलांच्या हातचा रंग परत येणार नाही, ते कळतं मला. पण मेन स्टँडचं मला अजून पटलेलं नाही.

अक्कलकोटची_लेक
दादांनो, स्टँडवर एवढं बोलताय, चढवण्यावर कुणीच नाही. माझ्या वडिलांचा टेम्पो होता. हौदा जमिनीपासून कमरेच्या जवळपास, आणि फळी सहा फुटी. फळी वर बांधलेली नव्हती. बाइक अर्ध्यात आली आणि फळी मागं सरकली. खालून ढकलणारा मदतनीस सतरा वर्षांचा, त्याच्या नडगीवर गाडी. पायात सळई घातली, पोरगं आजही लंगडतं. वडिलांनी त्याला पुढं कायम कामावर ठेवलं, पण रात्री झोपेत दचकून उठायचे. तेव्हापासून आमच्या घरचे नियम तीन. फळी आठ फुटांच्या आत नको. ती हौद्याच्या कडीला साखळीनं बांधलेली पाहिजे. आणि टेम्पोची मागची बाजू बांधाला किंवा ओट्याला लावायची, म्हणजे चढच उरत नाही. आमच्या भागात बांधाला काय तोटा आहे?

या एका बाबतीत मी व्हॅनच्या बाजूनं आहे. तिची फरशी खाली असते. दोघंच माणसं असतील आणि स्प्लेंडरच वाहायची असेल, तर खाली असलेली फरशी ही छोटी गोष्ट नाही.

अशोकचौक_गॅरेज
ताई, फळीचं तुम्ही सांगितलंत ते मी आधी लिहायला पाहिजे होतं. फरशीचाही मुद्दा बरोबर आहे, नाही म्हणत नाही. पण बंद व्हॅनमध्ये जुनी कार्ब्युरेटरची बाइक, कॉक गळका, बाहेर त्रेचाळीस अंश, आणि चालवणारा त्याच डब्यात बसलेला. पेट्रोलचा वास डोक्यात चढतो. टाकी रिकामी करूनच घालायची, काचा उघड्या, आणि आत कुणी विडी पेटवायची नाही. त्यातून गाडी गॅसवरची असेल आणि टाकी मागं बसवलेली असेल, तर बाइकला जागाच उरत नाही, तेही बघून घ्या.

विजापूररोड
सगळे एमएच-१३ मध्येच, म्हणजे सोलापूरच्या नंबरातच, अडकलाय. विजापूर, इंडीकडं गाड्या स्वस्त मिळतात. मी केए-२८ चा टेम्पो इथल्यापेक्षा पन्नास हजारांनी स्वस्त आणला.

तेरा_नंबरी
आणि एनओसी, इकडचा कर, नवीन नंबर, यात किती गेले तेही लिहा.

विजापूररोड
...चाळीस गेले. आणि चार महिने गाडी दारात उभी. पण गाडी चांगली आहे.

तेरा_नंबरी
गाडी चांगली असेल हो. या पोरांना दहा हजार वाचवायला चार महिने थांबायला लावू नका, एवढंच म्हणतो. कर्जाचा बोजा कुणाचा आहे, फिटनेस कधीपर्यंत आहे, चलनं किती थकलीत, हे नंबर टाकून मोबाइलवरच दिसतं. पैसे द्यायच्या आधी बघा. बोजा असेल तर कर्ज फिटल्याचा, बँकेची सही असलेला फॉर्म ३५ हातात घेतल्याशिवाय इसारही देऊ नका.

बुलेट_९८
मग भाड्यानंच का नको? महिन्यात चार फेऱ्या असतील तर स्वतःची गाडी कशाला?

जुळे_रायडर
तेच करत होतो. खेड्यातला माणूस रात्री आठला फोन करतो, 'गाडी घेऊन जावा, सकाळी दुसरा गिऱ्हाईक येणार आहे.' तेव्हा भाड्याचा टेम्पो मिळत नाही. दोन आरएक्स अशाच हातच्या गेल्या. स्वतःची गाडी पाहिजेच.

काल टेप घेऊन मोहोळला एक व्हॅन बघून आलो. काका म्हणाले तेच झालं, बाइक तिरकी ठेवली तरच दार बसतंय. खाली रबरी मॅट उचलली, तर फरशीला बोट आरपार गेलं. सोडून आलो. पण बंद गाडीचा माझा हट्ट आहे. छोट्या हत्तीवर पत्र्याचा बंद डबा बसवलेले मिळतात का?

अशोकचौक_गॅरेज
मिळतात. बेकरीवाले, कुरिअरवाले वापरतात. डबा नोंदणीत लिहिलेला आहे का ते आरसीवर बघ. डब्याचं वजन भारातून वजा होतं, म्हणून तीन गाड्यांचा नाद सोड, दोनच. दाराची उंची हँडलसकट मोज. पुण्याच्या अडीचशे किलोमीटरला घाई करू नको, जुनं दोन सिलिंडरचं ७०२ सीसी इंजिन आहे ते, सोळा हॉर्सपॉवर. उन्हाळ्यात पहाटे निघ, उन्हाच्या आत इंदापूर गाठ.

आणि पत्ता ठरला की मला फोन कर, मी येतो. सकाळी सातच्या आत जाऊ. मालकाला आदल्या रात्रीच सांग, आम्ही यायच्या आधी इंजिन चालू करून ठेवू नका. पहिल्या सेल्फला धूर कसा येतो ते थंड इंजिनवरच कळतं.

शांतीचौक
अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या ओळखीच्या टॉवेलवाल्याची एक आहे, बंद डब्याची. विकायची म्हणत होता. विचारून सांगतो. फळी मात्र आठ फुटी घ्या, ताईंचं ऐका.

जुळे_रायडर
विचारा काका. रविवारी जमेल.