'मी' नाही, 'तो': ताहा हुसेन यांचं आत्मचरित्र अरबी की युरोपीय?

पानगळ :
इजिप्तचे लेखक ताहा हुसेन यांचं 'अल-अय्याम' (म्हणजे 'दिवस') वाचून संपवलं, पण ते डोक्यातून जाईना. लहानपणीच दृष्टी गेलेला खेड्यातला मुलगा कुराण पाठ करतो, कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठात जातो आणि १९१८ मध्ये पॅरिसच्या सोरबाँ विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवतो. माझं मत असं की पॅरिसशिवाय हे पुस्तक झालंच नसतं. ते स्वतःला 'मी' म्हणत नाहीत. 'तो मुलगा', 'आपला मित्र' म्हणतात. स्वतःकडे असं परक्यासारखं बघणं त्यांना युरोपनेच शिकवलं. आत्मचरित्र ही मुळात पाश्चात्त्य माणसाचीच गोष्ट, असं फ्रेंच अभ्यासक जॉर्ज गुस्डॉर्फ यांनी १९५६ मध्ये मांडलं होतं. इथे तरी मला ते पटतं.

रानवारा :
अजिबात सहमत नाही. गुस्डॉर्फनी उसामा इब्न मुन्किध विचारात घेतला असता तर? बाराव्या शतकातला हा सीरियन सरदार म्हातारपणी आठवणी सांगतो. जेरुसलेमला तो नमाज पढत असताना एक फ्रँक (युरोपातून आलेला ख्रिस्ती) त्याचं तोंड ख्रिस्ती रीतीने पूर्वेकडे वळवतो, 'अशी प्रार्थना कर' म्हणतो. उसामाचे टेम्पलर (ख्रिस्ती धर्मयोद्धे) मित्र त्या फ्रँकला ओढून बाजूला नेतात आणि उसामाची माफी मागतात: नवीन आहे हो, आत्ताच आलाय. परक्याच्या नजरेत आपण कसे दिसतो, हे टिपायला उसामाला पॅरिस लागलं नाही.

अत्तरदाणी :
पानगळ, जेवणाचा प्रसंग पुन्हा वाचा. मुलगा एकदा घास दोन्ही हातांनी उचलतो. भावंडं खो खो हसतात, आईला रडू फुटतं, वडील हळूच सांगतात, बाळा, असं नाही घ्यायचं. त्या दिवसापासून सार, भात, चमच्याने खायचं सगळं बंद! आपण कसे दिसतो हे त्याला हसण्याच्या आवाजातून कळलं. माझ्या मते 'तो' त्या ताटावरच जन्मला. आणि त्या वेळी ताहांना कोण आठवतो? अबुल अला अल-मअर्री, दहाव्या-अकराव्या शतकातला अंध अरबी कवी. काकवी खाताना ती छातीवर सांडली, शिष्याने विचारलं, तर त्यानेही ती कायमची सोडली.

पानगळ :
प्रसंग मान्य, मअर्रीही मान्य. पण तिथेच पुढे वाचा ना. युरोपात गेल्यावरही ते खोलीत एकटेच जेवत, आणि त्या सवयीतून त्यांना बाहेर काढलं त्यांच्या वाग्दत्त वधूने, फ्रेंच सुझानने. लाज घरची असेल. ती उघड सांगायचं बळ तिकडून आलं. पहिल्या भागाच्या शेवटी मुलीला गोष्ट कुणाची सांगतात? ग्रीक कथेतल्या इडिपसची! आंधळ्या राजाला त्याची लेक हाताला धरून नेते, आणि ऐकता ऐकता ही नऊ वर्षांची पोर रडायला लागते, कारण तिला त्यात आपले बाबा दिसतात.

रानवारा :
इजिप्त भूमध्य समुद्राच्या संस्कृतीतलाच, असं ताहांनी स्वतः १९३८ मध्ये लिहिलंय. मग इडिपस त्यांना परका कसा? आणि त्या शेवटच्या प्रकरणात एक गंमत नाही, काळजाला लागणारी गोष्ट आहे. तिथे 'मी' येतो. पण कसा? मुलीला ते सांगतात, तुझे बाबा तेरा वर्षांचे होते, कैरोला शिकायला पाठवले होते, तेव्हा मी त्यांना ओळखत होतो. लेकीसमोरही बाबा 'ते'च राहतात. हे कुठल्या देशाकडून शिकले, सांगा.