कोकणात शेती करायला येताय? आधी एक वर्ष दुसऱ्याच्या बागेत गडी म्हणून राबा

गडग्यापलीकडचा:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून लिहितो, शिव्या घालायच्या तर घाला. मी डोंबिवलीचा, वय ४३, एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशोब लिहायचो, गेल्या जूनपासून राजापूर तालुक्यात आहे. सातबारावर वडलांबरोबर अजून अकरा नावं, त्यातले चार जण कुठे असतात ते कुणालाच माहीत नाही, म्हणजे कागदावर शेतकरी आणि हातात जमीन शून्य. तरी नाव आहे हेच नशीब, नायतर १९४८ च्या कूळ कायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही, रील बघून निघालेल्यांना हे तलाठ्यासमोर उभं राहिल्यावर कळतं.

तर वाटण्या होईपर्यंत काय करायचं म्हणून मी वाडीतल्याच एका काकांच्या बागेत कामाला लागलो. पहिले दोन महिने फुकट, नंतर अर्धा रोज आणि दुपारचं जेवण. सुरुवात तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढण्यापासून. दिवसभर वाकून तरवा काढायचा, मुठी बांधायच्या, चिखलात लावणी, तिसऱ्या दिवशी सकाळी मला बिछान्यातून उठता येईना, बायकोला फोन करून सांगितलं तर ती हसली. मग पायाला चिखल्या झाल्या, बोटांच्या बेचक्यात मांस दिसायला लागलं, काकी म्हणाल्या रात्री खोबरेल लाव आणि उद्या ये. उद्या ये, हे महत्त्वाचं. आरोग्यवाली ताई लेप्टोच्या (चिखलपाण्यातून होणारा ताप) गोळ्या देऊन गेली त्या मी उशाशी ठेवून विसरलो, त्यावरूनही बोलणी खाल्ली.

हे रडगाणं एवढ्यासाठी की माझ्या आधी दोन वर्षं इथे एक जण आलेला, पैसेवाला, माणूस चांगला होता. एकदम हेक्टरभर जागेत काजूची २०० कलमं लावली, ठिबक केलं, गेटला नाव दिलं. पावसाळ्यानंतर गवत कापून कडेने पट्टा जाळून ठेवायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि त्याला ते मागासलेलं वाटलं असेल. फेब्रुवारीत वणवा आला आणि ठिबकच्या नळ्यांसकट सगळं गेलं. तो एक वर्ष कुणाच्या हाताखाली राबला असता तर डिसेंबरात त्याच्या हातात आपोआप कोयता आला असता. माझं म्हणणं एवढंच, पहिलं वर्ष स्वतःच्या जमिनीला हातच लावू नका.

काळा कातळ:
देवगड साइडला आमची साडेतीनशे कलमं आहेत, तिसरी पिढी. तुमचा अनुभव खरा, पण सल्ला चुकीचा. नवखा गडी मालकाला किती महाग पडतो ते तुमच्या काकांना विचारा, ते भिडेपोटी बोलणार नाहीत. आंबा १४ आणे, म्हणजे सोळातले चौदा आणे तयार, झाल्यावर काढायचा असतो, नव्या माणसाला १२ आणे आणि १४ आणे यातला फरक कळायला एक सीझन जातो आणि त्या सीझनमध्ये त्याने काढलेली कोवळी फळं माझ्या पेटीत जातात, वाशीच्या बाजारात पेटी उघडते तेव्हा नाव माझं खराब होतं. देठ न ठेवता ओढलं की चीक फळावर, डाग पडला, गेलं ते फळ. कोकण कृषी विद्यापीठाने नूतन झेला काढलाय तो एवढ्यासाठीच, देठासकट कापून जाळीत पडतं, पण तोसुद्धा हातात बसायला वेळ लागतो. माझ्याकडे गेल्या साली पुण्याचा एक मुलगा शिकायला म्हणून राहिला होता, पहिल्याच आठवड्यात चीक गालावर उडून कातडी भाजली, त्याला दवाखान्यात घेऊन मीच गेलो आणि ऐन काढणीचा अर्धा दिवस मोडला.

दुसरं आणि मोठं. गडी म्हणून राबून पाठ मोडते, बाग तोट्यात का जाते ते कळत नाही. तुम्हाला पंपाचा पाइप ओढायला दिला असेल. फवारणी आज का, उद्या का नाही, तुडतुडा किती दिसला म्हणजे औषध काढायचं आणि थ्रिप्स या किडीवर मागचं औषध चाललं नाही तर काय, हे मालकाच्या डोक्यात असतं. पावसाळ्यात बुंध्याभोवती पहारीने भोकं पाडून कल्टार, ते मोहोर यावा म्हणून घालायचं औषध, ओतलं असेल तुम्ही, बरोबर? कुठल्या झाडाला घालायचं नाही हे सांगितलं का कुणी? दलालाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलीय का, ती कुठल्या बोलीवर, पट्टीत, म्हणजे दलालाच्या विक्रीच्या हिशोबात, हमाली-तोलाई किती कापली, विम्याचा हप्ता कधी भरला, यातलं गड्याला काय दिसतं? काहीच नाही. शेती इथे बुडते ती वहीत बुडते, चिखलात नाही.

रोजंदार:
वरच्या दोघांच्या मधे मला बोलायचंय. मी लांज्याचा, दहा वर्षं लोकांच्या बागेत काम केलंय, अजून करतो. तुम्ही दोन महिने फुकट आणि नंतर अर्ध्या रोजावर राबलात त्याचं सगळ्यांना कौतुक, पण तुम्ही शिकायला आलात आणि आम्ही पोटाला आलोय हा फरक धाग्यात कुठेच नाही. शहरातला माणूस हौसेने अर्ध्या रोजात यायला लागला की मालक मला विचारणारच ना, तो एवढ्यात येतो, तू का नाही. शिकायचं असेल तर पैसे देऊन शिका. कॉलेजात फी भरता तशी.

गडग्यापलीकडचा:
@रोजंदार, हे मनाला लागलं. पण दादा, खरं सांगा, माणसं मिळतात कुठे? आमच्या वाडीत २८ घरं, त्यातली १७ ला कुलूप, गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. काकांकडे राखणीला नेपाळचं कुटुंब आहे, दिवाळीनंतर येतात आणि सीझन संपला की जातात. मी कुणाचा रोज मारला म्हणता?

रोजंदार:
त्या नेपाळवाल्याचा. त्याला बोलायला इथे कोण आहे.

काळा कातळ:
हा मुद्दा बरोबर आहे. आमच्याकडचा मनुष्य आठ वर्षं येतोय, मोहोरावर भुरी रोग आला हे माझ्या आधी तो ओळखतो. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा तू डोंगरातून उठून ह्या दमट हवेत कसा रुळलास.

गुहागरची सून:
मी हेच लिहायला आले होते, दोन तास झाले मोबाइल हातात घेतेय आणि ठेवतेय.
माझं माहेर कराडकडचं, काळी जमीन, ऊस, ज्वारीची भाकरी. २००९ ला लग्न होऊन गुहागरला आले. मला कुणी सांगितलं नाही की आधी एक वर्ष दुसऱ्याच्या घरी राहून बघ. तिसऱ्या दिवसापासून नारळ-पोफळीच्या वाडीला पाणी लावायला होते, झावळ्या ओढायला होते, चुलीवर तांदळाची भाकरी थापायला होते, ती पहिले सहा महिने फाटायची, उकड नीट मळत नाही म्हणून सासूबाई टोपली सरकवून घ्यायच्या. मासे साफ करताना उलटी यायची. पावसात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, चुलीवर मांडव करून त्यावर टाकायचे, लेकराच्या लंगोटांना धुराचा वास. चार महिने आभाळ उघडत नाही, ह्याचं मनावर काय होतं ते घाटावरच्या बाईला विचारा. फुरसं, तो विषारी साप, पहिल्यांदा पाहिलं ते सरपणात, वीतभर, मी काठी समजून हात घातला होता.
आता सगळं येतं. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळात आमच्या वाडीतल्या चाळीस-पन्नास पोफळी आडव्या झाल्या तेव्हा नवरा मुंबईत अडकलेला, कुठलं झाड उभं करून वाचेल आणि कुठलं तोडायचं ते मी ठरवलं. नवीन रोपं लावली ती आत्ता कुठे धरायला लागलीत, पोफळीला सहा-सात वर्षं जातात. सातबारावर माझं नाव नाही.
तुम्ही एक वर्ष राहिलात तर धागा निघतो. राग नाही हो माझा तुमच्यावर. पण "नवखा माणूस रुळतो कसा" ह्यावर बोलायचं तर कोकणात दर दुसऱ्या घरात एक बाई आहे, तिला विचारा. आणि तुम्ही बायकोला विचारून आलात का, की नुसतं फोनवर हसू ऐकलंत?

खळ्यातलो म्हातारो:
माका लिवूक जमणा नाय, नातू लिवता. मेल्यांनो, गडी काय नि मालक काय. नवीन माणूस इलो की पयलो गावात मिसळाक होयो. मयताक लाकडां घेवन गेलंय काय? भजनात बसलंय काय? आमच्याकडे एकान जमीन घेतल्यान आणि पाणंदीत तार मारल्यान, लोकांची गुरां जातत ती वाट. गावान तेच्याकडे बोलणा बंद केल्यान. बोअरचो पंप बिघडलो तेवा कोण गेलो नाय. पेरणी आदी राखणदाराक नारळ ठेवक सांगलेलो, तो म्हणालो माझो विश्वास नाय. बाबा, विश्वास नाय तर नाय, नारळ ठेवूक काय जाता? तेवढ्या निमित्तान चार माणसां तरी दारात येतत.

पनवेल_प्रवासी:
सगळं भावनिक चाललंय. पाच वर्षांचा घरखर्च बँकेत नसेल तर गडी बनून या नाहीतर जहागीरदार बनून या, उपयोग नाही, हापूसचं कलम धड उत्पन्न द्यायला आठ-दहा वर्षं घेतं. त्यात वर्षाआड बहर. एवढं गणित जमत नसेल तर शनिवार-रविवार येत जा आणि नारळपाणी पिऊन परत जा.

गडग्यापलीकडचा:
@पनवेल_प्रवासी, कटू आहे पण मान्य. मी तीन वर्षांचे घेऊन आलो होतो, त्यातलं सव्वा संपलं.

बाकी सगळ्यांना एकत्र लिहितो. @काळा कातळ, आज संध्याकाळी काकांना विचारलं की मी किती महागात पडलो, तुम्ही म्हणालात तसंच झालं, आधी काही नाही रे म्हणाले, मग काकी आतून ओरडल्या, सांगा ना त्याला त्या दोन पेट्यांचं. माझ्या काढलेल्या फळांच्या दोन पेट्या दलालाने कोवळा माल म्हणून कवडीमोलाने लावल्या होत्या, पट्टी मला दाखवलीच नव्हती. मग ट्रंकेतनं वही काढून दाखवली. मी आयुष्यभर हिशोब लिहिलेत आणि ती वही मला अर्धीच कळली, उचलीचे पैसे कशात वळते केलेत ते काकांनाही धड सांगता येईना. तर वहीचा मुद्दा मान्य. पण चिखलात राबलो नसतो तर ती ट्रंक उघडलीच नसती, ह्यावर मी ठाम आहे. अनोळखी माणसाला कोण वही दाखवतं?

@रोजंदार, उद्यापासून पूर्ण रोज घेतो किंवा कामाला जात नाही, अर्धा रोज बंद.

काळा कातळ:
दोन पेट्यांत सुटलात, स्वस्त आहे. ट्रंकेचं म्हणाल तर तेवढं मान्य करतो. वही घेऊन देवगडला या एकदा, उचलीचं कोडं आपण बसून सोडवू, पण ऑक्टोबरच्या आत या, पालवी फुटली की मला वेळ नसतो, कुठलं झाड मोहोरणार नाही ते तेव्हाच बघावं लागतं.

गुहागरची सून:
माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

गडग्यापलीकडचा:
वहिनी, तुमचं वाचून काल रात्रीच फोन लावला. मुलीची दहावी होईपर्यंत ती डोंबिवली सोडणार नाही, हे आधीच ठरलेलं. नंतर येशील का विचारलं. ती म्हणाली आधी संडासाचं दार नीट लाव, दोन वर्षं झाली बिजागरी निखळून लोंबतेय, मग विचार.

सुतार कुणाच्या ओळखीचा आहे का राजापूर-आडिवरे पट्ट्यात?