परदेशात मार्केटिंगचं काम करताना: तुमचे अनुभव लिहा

हॅम्बुर्ग, चौथा महिना

पुण्यात नऊ वर्षं मसाले आणि लोणच्यांचं मार्केटिंग केलं. पितृपक्षात नवं उत्पादन बाजारात आणायचं नाही, दसऱ्याच्या आठवड्यासाठी पैसे राखून ठेवायचे, मे महिन्यात बरण्यांच्या जाहिराती आईच्या वयाच्या बायकांसाठी करायच्या, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. घरात वाढताना आपोआप कळलं होतं.

इथे पहिलंच काम आलं ते गिऱ्हाइकांना वाढदिवसाची सवलत देणाऱ्या मेलचं. खरेदीला वेळ मिळावा म्हणून मी मेल एक दिवस आधी जाईल अशी वेळ लावली. शेजारी बसणाऱ्या सहकारी बाईंनी ते पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अपशकुनी मानतात." मेल थांबवला, नुकसान काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. जे ज्ञान मी माझं म्हणून घेऊन आले, ते इथे उपयोगाचंच नाही की काय, अशी भीती वाटली. या वाटेने आधी गेलेल्यांनी लिहा. ऑफिसचं लिहा, घराचंही लिहा.

श्टुटगार्ट, अकरावं वर्ष

ताई, ही भीती मला चांगलीच आठवते. मी मुंबईत फोन नंबरांच्या याद्या विकत घेऊन काम करायचो. इथे पहिल्याच बैठकीत तशी यादी मागितली आणि खोलीत शांतता पसरली. अनुचित स्पर्धेविरुद्धच्या कायद्याचं कलम 7 तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ग्राहकाने आधी स्पष्ट होकार दिलेला नसेल तर जाहिरातीसाठी त्याला फोन करता येत नाही. मेलसाठी आधी फॉर्मवर होकार घ्यायचा आणि मग त्याच्या पत्त्यावर आलेल्या दुव्यावरून पुन्हा एकदा, अशीच इथली रीत आहे. यादी लहान राहते, पण त्यातला माणूस मेल उघडून वाचतो. मला आता हेच योग्य वाटतं.

दुसरी गोष्ट 'रेखनुंग'ची. माल आधी घरी, पैसे नंतर बिलावर. आमच्या दुकानात ती सोय नव्हती आणि माणसं टोपली भरून, काही विकत न घेताच निघून जात होती. मी महिनाभर जाहिरातीचे मथळे बदलत बसलो होतो. आपल्याकडे वाण्याकडे महिन्याचं खातं असायचं ना, तसाच हा विश्वासाचा व्यवहार आहे.

भाषेसाठी फोल्क्सहोखशूलंमध्ये, म्हणजे इथल्या प्रौढ शिक्षण केंद्रात, संध्याकाळचा वर्ग लावा. आणि दर आठवड्याला येणारी सुपरमार्केटची पत्रकं जपून ठेवा. शतावरीची (ॲस्परॅगस) भाजी कधी येते, ग्रिलचा कोळसा पहिल्या पानावर कधी चढतो, नाताळचे मसालेदार केक, लेबकूखन, सप्टेंबरातच कसे दिसायला लागतात, हे मी त्यांतूनच शिकलो. तुमच्या इमारतीतल्या टपालपेट्याही बघा. "बिटं काइनं वेर्बुंग", म्हणजे कृपया जाहिराती नकोत, अशी चिठ्ठी किती पेट्यांवर आहे ते मोजा. ती चिठ्ठी असेल तिथे पत्रक टाकायचं नाही. आपल्या धंद्याबद्दल इथल्या माणसाला काय वाटतं ते दारातच लिहिलेलं असतं.

दुबई, सातवं वर्ष

माझ्यापुरतं सगळं काही रमझानच्या आधी किंवा नंतर असतं. हिजरी वर्षाला आपल्यासारखा अधिक महिना नाही, त्यामुळे रमझान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि मागच्या वर्षीचं वेळापत्रक जसंच्या तसं चालत नाही. त्या महिन्यात कामाचे तास दिवसाला दोनने कमी होतात आणि लोक इफ्तारनंतर रात्री उशिरापर्यंत जागे असतात. मी स्वतः रोजा ठेवणाऱ्या घरांत इफ्तारला बसायला लागलो, तेव्हापासून माझ्या जाहिरातींमधली खजुराची ताटली खरी दिसायला लागली.

माँट्रियल, पाचवं वर्ष

मी आधी टोरांटोला होतो. जिथे जाईन तिथे "कॅनडातला अनुभव?" हाच प्रश्न. चौदा वर्षं काम केलेल्या माणसाला तो प्रश्न किती लागतो, ते इथे लिहायला मला लाज वाटत नाही. शेवटी गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या एका अन्नपेढीची पत्रकं सहा महिने फुकट केली, तेव्हा दाखवायला काही हाती आलं. मग माँट्रियल.

इथे मी इंग्रजी मजकुराचं फ्रेंच भाषांतर करून घेतलं आणि समाधानाने पुढे पाठवलं. सहकाऱ्याने त्यावर लाल रेघा मारल्या. भाषांतर बिनचूक होतं, पण पॅरिसचं. पॅरिसमध्ये शनिवार-रविवारला 'वीकएंड' म्हणतात, इथे 'फँ द स्मेन'. तिथे 'शॉपिंग', इथे 'मागाझिनाज'. इंग्रजीच्या समुद्रात या लोकांनी हे शब्द हट्टाने जपलेत. वऱ्हाडातल्या दुकानदाराला सदाशिव पेठेतलं मराठी ऐकवल्यावर काय होईल, ते मला वर्धेच्या माणसाला तरी कळायला हवं होतं. माझ्या आजीची बोली शाळेत सुधारली जायची, तेव्हा तिचा चेहरा कसा व्हायचा ते मला त्या दिवशी आठवलं. तेव्हापासून मजकूर मुळातच इथल्या फ्रेंचमध्ये लिहून घेतो.

अजून एक. क्वेबेकमध्ये, म्हणजे माँट्रियलच्या या फ्रेंचभाषक प्रांतात, तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरात करायला 1980 पासून बंदी आहे. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. व्यवसायाची अडचण होते हे खरं, तरी बाप म्हणून मला हा कायदा फार मोलाचा वाटतो.

आम्स्टेलवेन, नववं वर्ष

अगं, वाढदिवसाचं वाचून मला लगेच लिहावंसं वाटलं. नेदरलँड्समध्ये ज्याचा वाढदिवस असतो त्याच्या आई-वडिलांचं, बायकोचं, भावंडांचंसुद्धा अभिनंदन करतात. पहिल्यांदा मला कुणीतरी "नवऱ्याच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन" म्हणालं, तेव्हा काय बोलावं तेच सुचेना.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे आले आणि दोन वर्षं घरी होते. अर्ज पाठवायचे, उत्तर यायचं नाही. भांडी घासताना रडू यायचं. मग जवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात आठवड्यातून तीन दिवस स्वयंसेवक म्हणून जायला लागले. कपबश्या पुसायच्या, किमतीची चिठ्ठी लावायची. डच मी तिथे काउंटरवर शिकले. दीड युरोच्या फुलदाणीवरही माणसं नीट विचार करतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. 5 डिसेंबरच्या संध्याकाळी सिंटरक्लासच्या (मुलांना भेटी आणणारा इथला संत) भेटी देतात, तेव्हा आधीचे तीन आठवडे आजी-आजोबा खेळण्यांच्या कपाटापुढून हलत नसत. नाताळच्या भेटींचा विचार डोक्यात घेऊन आलेली मी, खरा हंगाम तिथे उभी राहून पाहिला.

आता नोकरी आहे, चांगली आहे. मुलाखतीत मी त्या फुलदाण्यांबद्दलच बोलले होते. शनिवारी अजून दुकानात जाते.

हॅम्बुर्ग

सगळ्यांचं दोनदा वाचलं. ताई, भांड्यांचं वाचताना मी थांबले. आमच्याकडेही ते होतं, यांना कळू न देता.

काल खाली जाऊन पेट्या मोजल्या. बारा घरं, सातांवर चिठ्ठी. आठवी आमची, आणि तिच्यावर आधीच्या भाडेकरूने लावलेली तीच चिठ्ठी अजून तशीच आहे. श्टुटगार्टचे दादा, ती काढली तरच पत्रकं येतील ना? आज संध्याकाळी काढते. वाढदिवसाचा मेल आता त्याच दिवशी सकाळी सातला जातो आणि सवलत पुढे चौदा दिवस चालते. ते चौदा दिवस त्या शेजारच्या बाईंनीच सुचवले.