बर्मिंगहॅमची जुनी दुनाळी: चेंबर ७० मिमी करून आणि नवं ब्लूइंग करून घ्यावं का?

देवगडी

वारसाहक्काने १२ बोअरची एक दुनाळी माझ्या परवान्यावर चढली आहे. बिनघोड्याची, बॉक्सलॉक (चापाची यंत्रणा बॉडीतच बसवलेली), साधे एक्स्ट्रॅक्टर (काडतूस थोडं बाहेर उचलणारे), दोन चाप, नळ्या ३० इंची. नळ्या उतरवल्यावर बुडाच्या सपाट भागावर हे ठसे दिसतात: मुकुटाखाली बीपी, मुकुटाखाली बीव्ही, मुकुटाखाली एनपी, हिऱ्याच्या आकारात १२ आणि त्याखाली सी. दोन्ही नळ्यांवर १३ हा आकडा आहे. चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची, लांबी कुठेच लिहिलेली नाही.

परवानाधारक दुरुस्तीवाल्याचा सल्ला असा: चेंबर ७० मिमी करून घ्या म्हणजे कुठलंही काडतूस चालेल, नळ्या आतून घासून आरशासारख्या करू आणि बाहेरून गरम ब्लूइंग मारू, म्हणजे रसायनात उकळून काळा रंग चढवू. बंदूक थोडी खेळते, म्हणजे मिटवल्यावरही सांध्यात सैल हलते; वरची कळ मधल्या रेषेच्या डावीकडे जाऊन थांबते. दस्त्याला वरच्या लोखंडी जिभेच्या मागे केसासारखी चीर आहे. शिकार अर्थातच नाही, क्ले टार्गेटवर कधीमधी चालवायची आहे. यातलं काय करावं, काय टाळावं?

नळीपारखी

तिन्ही कामं आधी थांबवा. नळीतून एकदा गेलेलं लोखंड परत येत नाही.

ठशांवरून बंदूक १९०४ ते १९२५ या काळातली. एनपीचा ठसा आहे म्हणजे ती बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली आहे, ही जमेची बाजू. नुसता काळ्या दारूचा ठसा असता किंवा नळ्यांवर दमास्कसची (पट्ट्या पिळून जोडलेल्या जुन्या नळीवरची) वेलबुट्टी असती, तर आजच्या काडतुसांचा विषयच संपला असता. हिऱ्यातला १२ हा आकडा चेंबरचा. त्या काळी चेंबरची लांबी ठोकत नसत, ती १९२५ नंतर यायला लागली. म्हणून अशी बंदूक मोजून खात्री होईपर्यंत ६५ मिमीचीच धरायची.

मोजायचं असं. पितळेची पट्टी बरोबर २०.३ मिमी रुंद घासून घ्या, पुढचे कोपरे काटकोनात ठेवा, कडा गुळगुळीत करा. ती चेंबरमध्ये अलगद सरकवली की जिथे पुढचा उतार सुरू होतो तिथे अडते. बुडाच्या कडेला खूण करा आणि व्हर्नियरने अंतर मोजा. जोर लावायचा नाही.

आता ७० मिमीच्या काडतुसाचा धोका. डब्यावर छापलेली लांबी ही उडालेल्या, तोंड उघडलेल्या खोक्याची असते. घडी घातलेलं ७० मिमीचं भरलेलं काडतूस ६० मिमीच्या आसपासच भरतं, त्यामुळे ६५ च्या चेंबरमध्ये निमूट बसतं. बार उडाला की त्याची घडी उताराच्या जागेत उघडते, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. बसलं म्हणजे चालतं, हा गैरसमज अनेक जुन्या बंदुकांच्या मुळावर आला आहे. खडकीच्या कारखान्याची काडतुसं ६५ आणि ७० अशा दोन्ही लांबीत निघत आली आहेत. डब्यावरचा आकडा वाचूनच घ्या, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर नको. छर्ऱ्यांचं वजन ३० ग्रॅमच्या आसपास ठेवा. मॅग्नम आणि पोलादी छर्रे या बंदुकीला वर्ज्य.

चेंबर लांब करणं म्हणजे दाब जिथे सर्वांत जास्त असतो नेमकी तिथली भिंत कापणं. ते करू नका.

नळीवरचा १३ हा बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा आकडा आहे. तपासणीच्या दिवशी नळीत १३ चा गेज गेला, म्हणजे व्यास निदान १८.०३ मिमी होता. पुढची पायरी १३/१, म्हणजे १८.२६ मिमी, तिचा गेज गेला नाही. बुडापासून ९ इंचांवर, म्हणजे २२८ मिमीवर, आजचा व्यास मोजा. तो १८.२६ ला पोचला असेल तर मधल्या काळात कोणीतरी नळी घासली आहे. इंजिनच्या कामातला १८ ते ३५ मिमीचा डायल बोअर गेज चालतो, पण त्याची दांडी तिथवर पोचत नाही, जोडदांडी लागते. गेज घरी आणा, नळी वर्कशॉपमध्ये पाठवू नका. नुसती नळीही कायद्याने शस्त्रच.

भिंतीची जाडी खास गेजनेच मोजावी लागते. टाक्या तपासायचा साधा अल्ट्रासॉनिक गेज इतक्या पातळ भिंतीवर भरवशाचा नाही.

आणखी एक. उजेडाकडे नळी धरून आत बघा. वर्तुळं एकात एक सरळ दिसायला हवीत. एखादं वर्तुळ चपटं दिसलं तर तिथे पोचा आहे. पोचा तसाच ठेवून आतून घासलं तर आत आलेला उंचवटा तासला जातो, आणि नंतर पोचा उचलला की तेवढीच जागा कागदासारखी पातळ राहते. आधी आतून पितळी प्लग घालून पोचा उचलायचा, मग बाकीचं.

कुलूपवाला

ब्लूइंगचं मी सांगतो, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त दुनाळ्या याच कामात वाया जातात.

दोन नळ्या आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या कथलाच्या झाळकामाने जोडलेल्या असतात. गरम ब्लूइंगचं कॉस्टिकचं पाणी १४० अंशांच्या आसपास उकळत असतं. त्या तापमानाला झाळ वितळत नाही, पण कॉस्टिक ती खातं, आणि पट्टीखालच्या पोकळीत शिरलेलं पाणी नंतर कितीही धुतलं तरी निघत नाही. बंदूक दुकानातून नवीकोरी दिसत येते. मग एखाद्या पावसाळ्यात पट्टीच्या कडेने पांढरी-तांबडी बुरशीसारखी रेघ फुटते आणि पट्टी सुटते. एकनळीला किंवा रायफलीला ती पद्धत ठीक, दुनाळीला कधीच नाही.

दुनाळीला गंजवून काळं करण्याचीच पद्धत हवी. तेलाचा अंश पूर्ण काढायचा, नळ्यांच्या दोन्ही तोंडांत लाकडी बुचं ठोकायची, गंजाचं द्रावण अगदी पातळ एका हाताने ओढायचं, दमट जागेत तांबूस थर येईपर्यंत टांगायचं, स्वच्छ पाण्यात १५-२० मिनिटं उकळायचं. तांबडा गंज काळा होतो. तो मऊ तारेच्या ब्रशने उतरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. सहा ते आठ हात लागतात. बोट लागलं की तिथे डाग उमटतो, म्हणून बुचांनाच धरायचं. आधीची घासाई हाताने, कागद फाइलीला गुंडाळून लांबीच्या दिशेने. बफच्या चाकाने ठसे पुसट होतात आणि नळी लाटेसारखी होते.

पट्ट्यांची परीक्षा सोपी आहे. एक्स्ट्रॅक्टर आणि पुढचं लाकूड काढा, नळ्या पुढच्या हुकाला दोरीने टांगा आणि बोटाच्या पेराने टोला द्या. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर झाळ शाबूत. बद्द किंवा थरथरता आवाज आला तर कुठेतरी सुटली आहे.

खेळण्याबद्दल. पुढचं लाकूड काढूनच तपासा, कारण त्याची स्प्रिंग सैलपणा झाकते. बंदूक मिटवून नळ्यांचं बूड आणि बॉडीचा उभा चेहरा यांच्यात फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) घाला. ०.०५ मिमीची पात सरकली तर काम निघालं समजा. झीज बिजागरीच्या पिनीवर आणि तिच्यावर बसणाऱ्या नळीच्या हुकात होते. कोरडी वापरल्याने होते, झटक्यात मिटवल्याने होते, जड काडतुसांनी तर होतेच. खरा इलाज दोनच: जाड पीन बसवणं, किंवा हुकात वेल्डने धातू भरून दिव्याची काजळी लावत लावत जुळवणं. हुक हातोडीने ठेचून फुगवणं किंवा पितळेचा पत्रा घालणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंतच घट्ट. कळ डावीकडे गेली आहे म्हणजे नळ्यांना खालून अडकवणारा बोल्टही झिजला आहे, बिजागरी आणि बोल्ट दोन्हीचं काम एकदमच करून घ्या.

चाप स्नॅप कॅप (दारू नसलेलं नकली काडतूस) घालून तपासा. बंदूक चढवून दस्त्याच्या तळाला रबरी हातोडीने ठोका. आपोआप सुटली तर सिअरची (चढवलेला घोडा अडवून धरणाऱ्या खिळीची) खाच गोल झाली आहे. ताणकाट्याने पुढचा चाप १.६ ते १.८ किलोला, मागचा थोडा जड, सुटायला हवा. आणि लक्षात ठेवा, बहुतेक बॉक्सलॉकची सेफ्टी फक्त चाप अडवते, सिअर नाही. सेफ्टी लावलेली चढवलेली बंदूक पडली तर बार होऊ शकतो.

दस्त्याची चीर: लोखंडी जिभेचं टोक मागच्या लाकडाला टेकलं की धक्क्यागणिक ते पाचरीसारखं घुसतं. आधी खडूची भुकटी आणि अ‍ॅसिटोनचा लेप देऊन जुनं तेल ओढून घ्या, लेप तपकिरी व्हायचा थांबेपर्यंत. मग पातळ इपॉक्सी चिरीत मुरवा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जिभेमागे अर्धा मिमी मोकळी जागा करा, नाहीतर तीच चीर पुन्हा येणार. स्क्रूंना बाजारातला निमुळता पाना लावू नका, त्यांच्या खाचा अतिशय बारीक असतात. प्रत्येक खाचेला पात्याची जाडी जुळवून घासावी लागते.

देवगडी

दोघांचेही आभार. मापं घेतली. चेंबर दोन्ही ६५. बोअर २२८ मिमीवर: डावी १८.०८, उजवी १८.३०. जाडी दुरुस्तीवाल्याच्याच गेजने: डावी कमीत कमी ०.७४, उजवी ०.५८, तीही तोंडापासून साधारण १५० मिमीवर. पोचा नाही. नाद खणखणीत. फीलरची ०.१० ची पात सरकते.

मिडलंड्समराठी

उजवी नळी प्रूफबाहेर गेली आहे, म्हणजे ठसे मारतानाची मूळ तपासणी तिला आता लागू नाही. इथे ब्रिटनमध्ये १८६८ च्या कायद्याप्रमाणे अशी बंदूक विकता येत नाही, ती पुन्हा प्रूफ हाउसला (बंदुका तपासून ठसे मारणाऱ्या संस्थेला) पाठवून जास्त दाबाच्या बारांवर तपासून घ्यावी लागते. मात्र प्रूफबाहेर आणि धोकादायक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोअर किती वाढलं यावरून फक्त आतून घासल्याचं कळतं, ताकद ठरते ती उरलेल्या भिंतीवर. इथले कारागीर साधारण ०.५ मिमीला शेवटची रेषा धरतात. तुमची सर्वांत पातळ जागा तोंडाकडे आहे, तिथे दाब बराच उतरलेला असतो. हेच ०.५८ चेंबरच्या पुढे असतं तर मी बंदूक भिंतीवर टांगायला सांगितलं असतं.

नळीपारखी

तर्क मान्य, निष्कर्ष नाही. तिकडे पुन्हा तपासून घ्यायची सोय हाताशी आहे, इथे कोकणात बसून नाही. शिवाय नळी मुळात १८.०३ होती की १८.२५ हे ठशावरून कळत नाही, त्यामुळे धातू किती गेला याचा अंदाज व्यासात ०.०५ ते ०.२७ मिमी असा लांबरुंद राहतो. माझं मत: उजवीला हात लावू नका. आतले जुने खड्डे तसेच राहू द्या. खड्ड्यांनी निशाणा बिघडत नाही, ते काढण्याच्या नादात भिंत जाते. आणि ०.१० ची फट असताना कुठलीच नळी चालवायची नाही. पीन आणि हुकाचं काम झाल्यावर फीलर पुन्हा घाला, मग डाव्या नळीपुरतं ६५ मिमीचं हलकं काडतूस.

प्रत्येक वेळी आधी दोन्ही नळ्यांतून आरपार बघा. कोपऱ्यात उभ्या बंदुकीत कुंभारमाशी मातीचं घर करते, तेवढा अडथळा नळी फुटायला पुरतो. २० बोअरचं पिवळं काडतूस खिशात नको. ते १२ च्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागे दुसरं बसतं.

देवगडी

पटलं. उजवी बंद, ब्लूइंग रद्द, आधी पीन. एक शेवटचं: निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, परत येते ती गंजून. काय लावून द्यावं?

कुलूपवाला

पातळ तेल निथळून जातं, ते नको. खोबरेल तर नकोच, थंडीत थिजतं आणि लॉकमध्ये चिकट होऊन बसतं. लॉकमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरे. नळ्यांना आतून-बाहेरून आणि बिजागरीला ग्रीसचा पातळ हात द्या, दस्त्याला जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात. कातडी किंवा कॅनव्हासच्या पिशवीत देऊ नका, ती ओल धरून ठेवते. सुती कापडात गुंडाळा, सिलिका जेलच्या पुड्या टाका. तोंड खाली करून उभी ठेवायची विनंती करा, म्हणजे ग्रीस दस्त्याकडे उतरणार नाही. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि अवस्था लिहून घ्या.

नळ्या वेगळ्या करून देणार असाल तर बंदूक चढलेली असतानाच काढा. लॉक पडलेलं असेल तर परत जोडताना नळ्या बसत नाहीत. तेव्हा जोर करू नका. बॉडीच्या पुढून डोकावणारे दोन्ही कॉकिंग लिव्हर एकेक करून लाकडी ठोकळ्यावर दाबा, टक् आवाज आला की नळ्या जाग्यावर बसतात. परत आणल्यावर ग्रीस पूर्ण पुसल्याशिवाय काडतूस घालू नका. नळीत साचलेला ग्रीसचा गोळा हाही अडथळाच.