२२ मैलांची थाप: डिझेल पिकअपचं खरं अ‍ॅव्हरेज किती?

रॉकीचा_माळी
परवा कॅम्परच्या (ट्रकमागे ओढायच्या फिरत्या घराच्या) फोटोंखाली ह्यूस्टनकर यांनी ठोकून दिलं, "आमची कमिन्स डिझेल इंजिनवाली रॅम हायवेला गॅलनला २२ मैल देते, कॅम्पर लावला तरी १५ च्या खाली येत नाही. पेट्रोलवाल्यांनी रडत बसावं." लगेच दोघांनी विचारलं, कुठलं मॉडेल घेऊ? असली वाक्यं वाचून लोक ऐंशी हजार डॉलरच्या कागदांवर सह्या करतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्याकडे ६.७ लिटर डिझेल इंजिनाची फोर्ड एफ-२५० आहे, मागे भरून १२,००० पौंडांचं फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकच्या हौद्यात अडकवून ओढायचा मोठा कॅम्पर. रिकामी, ताशी ६५ मैलांच्या वेगाने १८-१९. गावात १३-१४. कॅम्पर लावला की ९ ते साडेदहा, आणि वारा समोरून असेल तर ८ वर समाधान मानायचं. हे सगळं टाकी फुल टू फुल, मैल भागिले गॅलन. डॅशबोर्डवरचा आकडा मी बघत नाही, तो गाडीच्या मालकाला खूश ठेवण्यासाठी असतो.

मुळात या गाड्यांना सरकारी आकडाच नाही. एकूण वजनमर्यादा ८,५०० पौंडांच्या वर गेली की काचेवर ईपीएचं (अमेरिकी पर्यावरण संस्थेचं) मायलेजचं लेबल लागत नाही. मग ज्याच्या तोंडाला येईल ते खरं.

आणि सगळे वजनाच्या नावाने बोटं मोडतात. सपाट रस्त्यावर डिझेल खातो तो वारा. फिफ्थ व्हील म्हणजे भिंतच ओढायची. ६५ चे ७५ केलेत की हवेचा रोध एक तृतीयांशाने वाढतो. वजन आपली वसुली घाटात करतं. ट्रक-कॅम्पर मिळून २०,००० पौंड १,००० फूट चढवायला साधारण अर्धा गॅलन जातो. कोलोरॅडोत डेन्व्हरहून आय-७० हायवेने आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत जवळजवळ ५,९०० फुटांचा चढ, म्हणजे तीन गॅलन नुसते चढण्याचे. उतरताना ते परत मिळत नाहीत, एक्झॉस्ट ब्रेक लावून आपणच उधळतो. यात १५ कुठे बसवायचे ते ह्यूस्टनकरांनी सांगावं.

ह्यूस्टनकर
डोंगरात राहायचं आणि आमच्या गाडीला नापास करायचं! आमच्याकडे आय-१० तव्यासारखा सपाट आहे. माझा ट्रेलर साडेपाच हजार पौंडांचा, बुटका. ६२ च्या वर जात नाही. १५ येतात म्हणजे येतात. कोणाला पटो न पटो.

रॉकीचा_माळी
अच्छा! म्हणजे "कॅम्पर" माझ्या निम्म्याहून हलका, आणि वेग ६२. हे तेव्हाच लिहिलं असतंत तर माझी संध्याकाळ वाचली असती. आता २२ चं बोला.

कसारा_घाट
मध्येच बोलतो, माफी असावी. तुमचे १० मैल म्हणजे लिटरला सव्वाचार किलोमीटर. आमची पिकअप दीड टन टोमॅटो घेऊन नाशिकहून वाशीला जाते, ११-१२ चं अ‍ॅव्हरेज देते. येताना रिकामी, १४-१५. जाताना कसारा उतरायचा असतो हेही खरं. पण भिवंडीच्या अलीकडे खड्ड्यांत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर जे डिझेल जळतं त्याचा हिशेब कोण देणार? टोल मात्र वेळेवर कापला जातो. तुम्ही नशीबवान, वाऱ्याच्या तक्रारी करताय.

पेट्रोलप्रेमी
रडायला बोलावलंय म्हणून आलो. ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, ओढताना ८. डिझेलला १० धरा. डिझेल गॅलनला ३.८० डॉलर आणि पेट्रोल ३.२० असेल तर १०० मैलांना तुमचे ३८ डॉलर, माझे ४०. डिझेल इंजिनासाठी दहा हजारांच्या आसपास जास्त मोजलेत. दोन-दोन डॉलरने ते फिटायला पाच लाख मैल ओढावं लागेल. शुभेच्छा.

रॉकीचा_माळी
पैशाचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. पण ११,००० फुटांवर बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन एक तृतीयांश ताकद घालवून बसतं. बोगद्याच्या चढावर तुमच्यामागे रांग लागते त्यात मी असतो.

ह्यूस्टनकर
२२ चं विचारलंत ना? ऐका. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या पाण्याची) सगळी भानगड काढून टाकली, इंजिनाचं सॉफ्टवेअर ट्यून करून घेतलं. काजळी जाळायला दर काही शे मैलांनी जादा डिझेल ओतायचं आणि वर निळ्या पाण्याचे पैसे द्यायचे, कोणी सांगितलंय? इथे डिझेलच्या धुराची तपासणीही होत नाही.

फ्रेस्नोची_मावशी
आता कळलं २२ कुठून आले. अहो, तो फेडरल कायद्याचा भंग आहे, आणि तुम्ही तो मिरवताय. आमची कॅलिफोर्नियातली व्हॅली तिन्ही बाजूंनी डोंगरांत कोंडलेली. हिवाळ्यात धूर हलत नाही, धाकट्याच्या दप्तरात इन्हेलर असतो. ट्रकवाल्यांच्या तीन मैलांसाठी त्याने घरात बसायचं का?

ह्यूस्टनकर
मावशी, तुमच्या व्हॅलीत मी येतच नाही. आणि कायदा कोणाला शिकवता? खुद्द कमिन्सने रॅमच्या सहा लाखांवर ट्रकांत धुराच्या चाचणीला चकवणारं सॉफ्टवेअर घातल्याचा आरोप होता, २०२४ मध्ये १६७ कोटी डॉलर दंडावर प्रकरण मिटलं. मोठ्यांनी केलं तर तडजोड, आम्ही केलं तर गुन्हा!

फ्रेस्नोची_मावशी
दंड त्यांनी भरला, परवाना तुम्हाला मिळाला. वा.

सडाफटिंग
मावशींच्या बाजूचा आहे, तरी दुसरी बाजू ऐका. न्यू मेक्सिकोच्या उजाड रस्त्यावर, मागे ट्रेलर, गाडीत सासूबाई. डीईएफची टाकी काठोकाठ. तरी एका सेन्सरचं डोकं फिरलं आणि समोर उलटी मोजणी सुरू झाली, इतक्या मैलांनंतर वेग ताशी ५ मैल. मोटेलात तीन दिवस काढले. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांचं तेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ईपीएलाही कंपन्यांना हे वेग तोडणं सैल करा असं सांगावं लागलं. माणसं डिलीटकडे, म्हणजे ही यंत्रणा काढून टाकण्याकडे, वळतात ती मायलेजपेक्षा या भीतीने.

फ्रेस्नोची_मावशी
सेन्सर बदलून घ्यावा. फिल्टर काढून टाकणं हा सेन्सरवरचा इलाज नाही.

सडाफटिंग
तीनशे मैलांत दुकान असतं तर बदललाच असता.

पेट्रोलप्रेमी
आमच्याकडे डीईएफ नाही, डीपीएफ नाही, सासूबाई वेळेवर पोचतात. बाकी चालू द्या.

रॉकीचा_माळी
अ‍ॅव्हरेजचा धागा होता. ह्यूस्टनकर, डिलीट केलेल्या गाडीचा आकडा शोरूममधून नवी गाडी घेणाऱ्याला सांगू नका, एवढंच म्हणणं आहे. आणि २२ पंपावर मोजलेत की डॅशबोर्डवर?

ह्यूस्टनकर
डॅशबोर्डवर. पंपावर मोजत बसायला मी किराणा दुकान चालवत नाही. साडेवीस धरा हवं तर, एवढ्याने तुमचा जीव शांत होत असेल तर. १५ मात्र सोडणार नाही.

रॉकीचा_माळी
बुटक्या ट्रेलरला, ६२ च्या वेगाला, मागून वारा असताना. मंजूर.

कसारा_घाट
एक विचारू? ऐंशी हजार डॉलर म्हणजे इथे सातेक पिकअप येतील. फक्त सात ड्रायव्हर कुठून आणायचे ते सांगा. माझ्या एका गाडीला महिनाभर मिळेना, गावातली सगळी पोरं ओला-उबरला लागलीत.